ट्रूमन्स परत आली म्हणजे नेमकं काय परत आलं?

लंडनच्या ब्रिक लेनवर विटांची एक उंच चिमणी आजही उभी आहे. तिच्यावर एकाखाली एक अक्षर असं 'ट्रूमन' लिहिलंय. ही ट्रूमन्स या जुन्या ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची, चिमणी. खाली आता बाजार, दुकानं आणि कॅफे आहेत. बिअर बनणं 1989 मध्ये थांबलं. 2010 मध्ये दोघांनी ते नाव मिळवलं, 'रनर' नावाची बिअर बाजारात आणली आणि जुनी ब्रुअरी जिवंत झाल्याची हाकाटी झाली. सुरुवातीची बिअर मात्र दुसऱ्याच्या भट्टीत, भाड्याने बनत होती. पूर्व लंडनमध्ये हॅकनी विक या भागात स्वतःची ब्रुअरी उभी राहायला 2013 उजाडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाव, लेबल आणि गरुडाचं चिन्ह पैसे मोजले की मिळतं. लेबलवर 1666 हे स्थापनेचं सालही छापता येतं. ब्रुअरी असते ती यीस्टमध्ये, पाण्यात आणि नोंदवहीत. ट्रूमन्सवाल्यांनी हे ओळखलं, म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं.

इतिहास थोडक्यात. बेंजामिन ट्रूमनने पोर्टर या काळ्या बिअरवर ब्रुअरी मोठी केली. 1761 मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली. पुढे हॅनबरी आणि बक्स्टन ही घराणी भागीदार झाली. त्यातला थॉमस फोवेल बक्स्टन हा गुलामगिरीविरोधात संसदेत लढलेला खासदार. 1873 मध्ये कंपनीने बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या बर्टन या इंग्लिश गावातली एक ब्रुअरी विकत घेतली आणि या खरेदीमागचं मोठं कारण होतं पाणी. 1971 मध्ये ग्रँड मेट्रोपॉलिटन या बड्या कंपनीने ट्रूमन्सच ताब्यात घेतली आणि अठरा वर्षांत ब्रिक लेनची भट्टी विझली.

आता पाणी. लंडनचं पाणी चुनखडीतून येतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर. काळपट भाजलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आम्लधर्मी असतं, ते या पाण्याचा अल्कधर्मीपणा खाऊन टाकतं आणि मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा, पीएच 5.3-5.4 वर येऊन बसतो. म्हणून लंडनची पोर्टर चांगली. त्याच पाण्यात फिकट माल्ट घातलं की पीएच 5.8च्या वर राहतो, सालपटातलं टॅनिन उतरतं आणि बिअर जिभेवर तुरट, खरखरीत लागते. बर्टनच्या विहिरींत जिप्सम मुबलक, तिथे एल या प्रकारची फिकट बिअर स्वच्छ आणि कडक उतरते. आज बर्टनला जायची गरज नाही. दर लिटर पाण्यात 1 ग्रॅम जिप्सम घातलं की सुमारे 230 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 560 मिलिग्रॅम सल्फेट मिळतं. पण आधी आम्ल घालून बायकार्बोनेट मारावं लागतं. नुसतं जिप्सम ओतून बर्टन होत नाही, ही चूक नव्या लोकांच्या हातून हमखास होते. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढलं नाही तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. दर लिटरला 10 मिलिग्रॅम मेटाबायसल्फाइट पुरतं, म्हणजे 650 लिटरला साडेसहा ग्रॅम.

नोंदवही वाचणं हे वेगळंच प्रकरण आहे. इंग्लिश ब्रुअरींच्या जुन्या वह्यांत माल्ट क्वार्टरमध्ये, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) पौंडात, बिअर बॅरलमध्ये आणि घनता 'पौंड प्रति बॅरल' अशी लिहिलेली असते. माल्टचा एक क्वार्टर म्हणजे 336 पौंड, साधारण 152 किलो. बॅरल 36 गॅलनचं, म्हणजे 163.7 लिटर. घनतेचा एक पौंड म्हणजे 2.77 अंश, म्हणून पाण्याची घनता 1000 धरून, वहीत 20 दिसलं की 1055 समजायचं. समजा, क्वार्टरमागे 80 पौंड अर्क निघत होता. मग एका क्वार्टरची 1055ची चार बॅरल, म्हणजे 655 लिटर बिअर होते. आजचं माल्ट त्याहून दहाएक टक्के जास्त अर्क देतं. वहीतला आकडा तसाच उचललात तर 55च्या जागी 60-61 येईल आणि बिअर विनाकारण चढेल. आधी घनता जुळवा, माल्टचं वजन त्यावरून काढा.

हॉप्समध्ये याहून मोठी गफलत होते. बॅरलला 3 पौंड लिहिलंय म्हणून कोणी लिटरमागे 8.3 ग्रॅम ताजे हॉप्स टाकले, आणि त्यांत कडूपणा आणणारं अल्फा आम्ल साडेचार टक्के असलं, तर हिशेबाने कडूपणा 90 एककांच्या वर जातो. पण त्या काळी वर्ष-दोन वर्षं जुने हॉप्सही सर्रास वापरत आणि उबेत ठेवलेल्या हॉप्सचा निम्मा कडूपणा सहज उडून जातो. वहीत हॉप्सचं पीकवर्ष दिलेलं असेल तर ते आधी बघायचं.

आणि यीस्ट. इथे ट्रूमन्सचं नशीब जोरावर होतं. 1958 मध्ये तिचं यीस्ट ब्रिटनच्या राष्ट्रीय यीस्ट संग्रहात ठेवलेलं होतं (हा संग्रह आता नॉरिचला आहे) आणि तेच परत मिळालं. हे घरचं विरजण हरवून शेजाऱ्याकडे सापडण्यासारखं आहे. पण एवढीशी कुपी थेट 655 लिटरमध्ये ओतता येत नाही. 10 मिलिलिटर, 100 मिलिलिटर, 1 लिटर, 10 लिटर, मग 60-70 लिटर, असं दर वेळी 1040च्या निर्जंतुक वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड रसात, 20-22 अंशांवर, हवा खेळवत वाढवायचं. प्रत्येक पायरीला एक-दोन दिवस लागतात. शेवटी दर मिलिलिटर वर्टमागे साधारण 1 कोटी पेशी पडायला हव्यात. कमी पडल्या तर आंबवण रखडतं आणि तेवढ्यात जंगली यीस्ट घुसतं.

पहिली खेप हलक्या बिअरची घ्यावी आणि तिच्यावर येणाऱ्या यीस्टचा दाट, सायीसारखा थर काढून पुढच्या खेपेला वापरावा. दोन-तीन पिढ्या गेल्याशिवाय यीस्ट तालात येत नाही. पहिल्याच खेपेचा घोट घेऊन 'जुनी चव आली' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

वर येणारं इंग्लिश यीस्ट रुंद, उथळ, उघड्या हौदात वाढलेलं असतं. ते उंच निमुळत्या स्टीलच्या टाकीत टाकलं की द्रवाचा दाब आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांमुळे फळांचे वास दबतात. काही जाती लवकर गुठळ्या होऊन तळाला बसतात आणि घनता 1020वरच अडकते. मग टाकी ढवळून यीस्ट उठवावं लागतं. घाईने थंड केलं तर लोण्याच्या वासाचं डायएसिटाइल राहतं. त्याची परीक्षा सोपी आहे. बाटलीभर बिअर झाकण लावून 60 अंशांवर अर्धा तास ठेवायची, गार करायची, वास घ्यायचा. लोण्याचा वास आला तर टाकी आणखी दोन दिवस उबेतच राहू द्यायची.

नव्याने उभ्या राहणाऱ्या ब्रुअरींचं बजेट बहुतेक चकचकीत टाक्यांवर आणि लेबलच्या डिझाइनवर संपतं, यीस्टच्या पेशी मोजायला सूक्ष्मदर्शक घ्यायचे पैसे उरत नाहीत. हे मला उलटं वाटतं.

आणि एक गोष्ट ट्रूमन्सला परत मिळाली नाही, मिळणारही नव्हती: तिचे पब. जुन्या कंपनीचे शेकडो पब होते. हिरव्या फरशा आणि सोनेरी अक्षरं लावलेले त्यांचे दर्शनी भाग पूर्व लंडनमध्ये अजून दिसतात, आत बिअर दुसऱ्याची असते. पिंपातली बिअर पबच्या तळघरातही आंबत राहते. ती 11 ते 13 अंशांवर लागते, पिंप मांडल्यावर निवळायला दिवसभर द्यावा लागतो, तोटी लावली की तीन दिवसांत संपवावी लागते. 9 गॅलनचं छोटं पिंप घेतलं तरी ते 41 लिटर, म्हणजे 72 पाइंट. गाळ आणि सांडलवंड वजा जाता रोजचे बावीस-तेवीस पाइंट खपले नाहीत तर तिसऱ्या दिवशी उरलेली बिअर मोरीत. पब स्वतःचा असेल तर मालक तळघराला शिस्त लावू शकतो. दुसऱ्याच्या तळघरात 18 अंशांवर पडलेल्या पिंपाला 1958चं यीस्ट काही वाचवू शकत नाही, आणि आंबट घोट घेतलेलं गिऱ्हाईक बोल लावतं ते लेबलवरच्या नावालाच.