‘चकार’चा च कुठून आला, ते आधी सांगा

नववीत संस्कृत घेतलेली भाची एक व्हॉट्सॲप संदेश निबंधात उतरवत होती, म्हणून हे लिहावं लागलं. संदेश म्हणतो: आदि-इंडो-युरोपीय भाषा (संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची मानलेली समान पूर्वज) इंग्रजांनी संस्कृतला कमी लेखायला रचली, तिचा एकही शिलालेख नाही, म्हणून ती खोटी, आणि पितृ-पातेर, मातृ-मातेर सारखे आहेत, त्याअर्थी ग्रीक-लॅटिन संस्कृतातूनच निघाल्या.

शेवटचा दावा आधी घेऊ, कारण मुलांचं नुकसान त्यानेच होतं. नुसतं साम्य हा पुरावाच नव्हे. लॅटिन देउस आणि ग्रीक थेओस, दोन्हींचा अर्थ देव; पण देउसचं नातं आपल्या ‘देव’शी आहे, थेओसचं दोघांशीही नाही. तपासायचे असतात ते फरक. नाती, अवयव, संख्या, रोजची क्रियापदं जमवायची, उसने शब्द काढून टाकायचे आणि एका भाषेतल्या ध्वनीसमोर दुसरीत दरवेळी काय येतं ते मांडायचं. संस्कृत अस्ति, अष्टौ, अजति. लॅटिन एस्त, ओक्तो, अगित. ग्रीक एस्ति, ओक्तो, अगेइ. आपल्याकडे तिन्ही ठिकाणी अ, तिकडे ए, ओ, अ. संस्कृत आई असेल, तर एका ‘अ’चे तीन स्वर कोणत्या नियमाने झाले? तसा नियम सापडत नाही. शिवाय ग्रीक आणि लॅटिन दोघींनी त्याच शब्दांत तीच फाटाफूट केली, असंही मानावं लागेल. उलट तीन स्वर मिसळून एक होणं भाषांत नेहमीचंच आहे.

हा नुसता तर्क वाटत असेल, तर पाणिनी उघडा. ‘कुहोश्चुः’ (७.४.६२) हे सूत्र पाहा. भूतकाळाच्या एका रूपात धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं (द्वित्व), तेव्हा त्यातल्या पहिल्या क-ग चे च-ज होतात. पत् धातूचं पपात होतं, तन् चं ततान. पण कृ चं ककार न होता चकार होतं, गम् चं जगाम. पाणिनीने नियम अचूक नोंदवला. कारण तुलनेतून कळतं. ए किंवा इ पुढे असला की क-ग तालव्याकडे, म्हणजे च-ज कडे, सरकतात. द्वित्व झालेल्या पहिल्या अक्षरात मुळात ए होता. आपलं ददर्श (पाहिलं), ग्रीकांचं देदोर्क: तिथे ए आणि ओ दोन्ही शाबूत आहेत. संस्कृतात आधी क चा च झाला, मग ए चा अ. हरवलेल्या स्वराचा ठसा खुद्द संस्कृतातच आहे!

हे उमगलं १८७० च्या दशकात. तोवर युरोपीय पंडित संस्कृतचेच स्वर मूळचे धरत. जर्मन भाषाशास्त्रज्ञ श्लायखरने १८६८ मध्ये आदिभाषेत गोष्ट रचली, तीत ‘पाहिलं’साठी ‘ददर्क’ आहे. पुढच्यांनी ते ‘देदोर्के’ केलं. संस्कृतद्वेष्टे असं करतील?

शिलालेख नाही, हे मान्य करावंच लागतं. आदिभाषेची तारांकित रूपं (आधी * खूण करून लिहिलेली) अनुमानंच आहेत आणि उच्चारांचे तपशील अजून वादात आहेत. पण अनुमान पडताळता येतं. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने १८७८ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, केवळ स्वरांच्या आकृतिबंधावरून काही लुप्त ध्वनी गृहीत धरले. ते कोणत्याच ज्ञात भाषेत उरलेले दिसत नव्हते. १९१५ मध्ये चेक अभ्यासक ह्रोझनीने आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन हित्ती भाषा उलगडली आणि १९२७ मध्ये पोलिश अभ्यासक कुरिलोविचने दाखवलं, की त्यांतल्या काही जागी हित्तीत चक्क ‘ह’सारखा ध्वनी लिहिलेला आहे: संस्कृत अन्ति, लॅटिन अन्ते, हित्ती हन्ति.

उरले इंग्रज. इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात या भाषांचा समान उगम सुचवला, तो बहुधा आता उरलेला नसावा असंही म्हटलं. पुढचं बरंचसं काम जर्मन आणि डॅनिश अभ्यासकांचं. याच पद्धतीने भाषाशास्त्रज्ञ भद्रिराजू कृष्णमूर्तींनी आदि-द्राविडीची (तमिळ, तेलुगू वगैरेंच्या पूर्वज भाषेची) पुनर्रचना केली, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या सु. मं. कत्र्यांनी १९४२ मध्ये कोकणीची घडण मांडली.