तिसऱ्या प्रकरणातले काका

अथेन्सला जाऊन कोणी काय पाहावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मला प्राचीन ग्रीक विचारवंत थिओफ्रास्टस जिथे शिकवत असे, त्या लायसियमच्या अवशेषांपाशी थोडा वेळ एकट्याने बसायचे होते. सहल कंपनीने खरेदीसाठी तीन तास आणि या जागेसाठी, तेही मी चार वेळा विनवल्यावर, ४० मिनिटे मंजूर केली. त्यांपैकी ३८ मिनिटे माझ्या शेजारी सहलीतले एक काका बसले होते. ही कालची गोष्ट आहे आणि ती मला अजून पचलेली नाही.

ॲरिस्टॉटलने इ.स.पू. ३३५ मध्ये सुरू केलेली ही शाळा त्याच्यामागे थिओफ्रास्टसने सांभाळली. वनस्पतींचा हा मोठा अभ्यासक; सिकंदराच्या स्वारीतल्या लोकांच्या हकिकतींवरून त्याने आपल्या वडाच्या पारंब्यांचेही वर्णन लिहून ठेवले आहे. झाडे निरखणाऱ्या त्याच डोळ्यांनी त्याने एका पुस्तकात माणसांचे ३० नमुने टिपले. त्यांत सद्गुणी माणूस एकही नाही. बायकोच्या हातून क्षुल्लक नाणे पडले म्हणून पलंग-पेट्या हलवणारा चिक्कू आहे, लग्नाच्या जेवणात स्त्रीजातीची निंदा करणारा प्रसंगशून्य आहे, आणि तिसऱ्या प्रकरणात टकळी चालवणारा आहे. ते पुस्तक माझ्या मांडीवर उघडे होते.

काका ‘बसू का?’ असे विचारण्याआधीच बसले. आमची ओळख न्याहारीच्या रांगेपुरतीच होती, तरी त्यांनी थेट काकूंच्या कौतुकाने सुरुवात केली. “अहो, ही आहे म्हणून मी आहे. चार देश फिरलो, पण हिने कुठल्या हॉटेलात साधा चमचा विसरला नाही.” मग पहाटेचे स्वप्न आले, ज्यात त्यांचे दिवंगत साहेब त्यांच्याकडे रजेचा अर्ज मागत होते. त्यामागून रात्रीचे जेवण आले, तेही ताटात वाढल्याच्या क्रमाने, अळणी सुपापासून डाळ म्हणून वाढलेल्या पिवळ्या पाण्यापर्यंत. इथे माझ्या अंगावर काटा आला, कारण बायकोचे कौतुक, रात्रीचे स्वप्न आणि जेवणातला पदार्थन् पदार्थ, याच क्रमाने थिओफ्रास्टसचा बडबड्या अनोळखी माणसाशेजारी बसून बोलतो.

पुढचे मला ठाऊक होते. हल्लीची माणसे पूर्वीसारखी राहिली नाहीत, हे आले. गव्हाच्या भावाच्या जागी कांद्याचा भाव आला. शहरात परदेशी लोक फार झालेत, हेही काकांनी अथेन्समध्ये बसून सांगितले. पुस्तकातला माणूस मध्येच ‘काल मला उलटी झाली’ असे म्हणतो. मी श्वास रोखून वाट पाहिली आणि काकांनी निराश केले नाही. “काल बोटीत,” ते म्हणाले, “सगळं बाहेर.”

पुस्तकातला तो माणूस ओदेऑन या संगीतगृहाच्या खांबांचीही चौकशी करतो. काकांनी पार्थेनॉन या देवळाचे बाहेरचे खांब पन्नास मोजले होते. मी गप्प बसलो असतो तर कदाचित सुटलो असतो, पण तोंडून ‘सेहेचाळीस’ निघून गेले.

“समोर आठ, बाजूला सतरा. करा दुप्पट.”

“काका, कोपऱ्यांवरचे चार तुम्ही दोनदा मोजलेत.”

“मग मला सांगा, कोपऱ्यावरचा खांब कोणत्या बाजूचा?”

ॲरिस्टॉटलच्या शाळेत, त्याच जमिनीवर, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, आणि त्यात आठ मिनिटे गेली. असा माणूस भेटला की हात झटकून लांब ढांगा टाकत निघून जावे, नाहीतर ताप भरेल, असा सल्ला त्याच प्रकरणात आहे. इथले गुरुजी चालता चालता शिकवत, असे सांगतात. का, ते मला काल कळले. माझा मात्र उजवा गुडघा दुखतो.

मग काकांनी पिशवीतून डबा काढला, मला एक चकली दिली, तीही मोडकी, आणि बेसनाचा लाडू माझ्यादेखत स्वतः खाल्ला. “एवढ्यासाठी तिकीट घेतात?” समोरच्या गुडघाभर भिंतींकडे पाहून ते म्हणाले. “आमच्या पडक्या विहिरीचं बांधकाम याहून उंच आहे.” १९९६ मध्ये नव्या संग्रहालयासाठी खोदताना या भिंती सापडल्या, हे मी सांगणार होतो, पण तेवढ्यात बसचा भोंगा वाजला.

खरा अपमान बसमध्ये झाला. कुठे होतात, असे काकूंनी विचारताच काका साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अगं, हे एकटेच बसले होते बिचारे. म्हटलं, जरा सोबत करावी.” बायकांनी माझ्याकडे कणवेने पाहिले. सहलीत मिसळून राहावे, असा उपदेश मला वयाने माझ्या निम्म्या असलेल्या टूर मॅनेजरने केला. माझ्या ४० मिनिटांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

रात्री मी सतरावे प्रकरण उघडले. ते कुरकुऱ्या माणसाचे आहे. मित्राने मेजवानीतला वाटा घरी पाठवला, तर हा म्हणतो की मला जेवायला बोलावले नाही, म्हणजे रस्सा आणि दारू द्यायची नव्हती. मी लाडवाचा विचार करत दिवा मालवला.

आज डेल्फीला जायचे आहे, जिथल्या देवळावर ‘कशाचीही अति नको’ असे कोरलेले होते. प्रवास अडीच तासांचा आहे. काका माझ्याआधी बसमध्ये चढले असून त्यांनी शेजारच्या खिडकीच्या जागेवर माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवला आहे.