कंडेन्सर विकत घेण्याआधी व्हॉल्यूमचा नॉब फिरवून बघा

जुलैमध्ये, भर पावसात, देवगडहून एक मुलगा गिटार घेऊन मालवणला माझ्याकडे आला. इलेक्ट्रिक, गिब्सनच्या लेस पॉल या मॉडेलच्या धर्तीची, दोन हमबकरवाली (हमबकर म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, आणि पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग). "काका, माका ह्याच वायरिंग व्हया," म्हणत त्याने फोनवरचा मेसेज पुढे केला. हाच मेसेज मला ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या आणखी चौघांनी पाठवलाय. त्यात म्हटलंय की १९५० च्या दशकातलं वायरिंग हेच खरं, त्या काळी सगळे असंच जोडायचे, त्याने पिकअपचा आवाज खुलतो आणि घूं घूं जाते. आताचं वायरिंग म्हणे कंपन्यांनी पैसे वाचवायला आणलं. शिवाय कापडी वायर आणि तेलात भिजवलेल्या कागदाचा कंडेन्सर (टोनच्या नॉबला जोडलेला, आवाजाची धार कापणारा भाग) हवाच. या मुलाने त्या कंडेन्सरच्या जोडीसाठी पाच हजार रुपये साठवले होते. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पैसे वाचवण्याची गोष्ट आधी निकालात काढू. व्हॉल्यूमच्या पॉटला, म्हणजे नॉबखालच्या कमी-जास्त करता येणाऱ्या रोधाला, तीन पाय असतात. एकावर पिकअपची तार येते, मधल्यावरून आवाज केबल लावायच्या जॅककडे जातो, तिसरा अर्थला. आताच्या वायरिंगमध्ये टोनची जोडणी पिकअपच्या पायावरून घेतात, जुन्या लेस पॉलमध्ये ती मधल्या पायावरून असायची. फरक एवढाच. पॉट तेवढेच, कंडेन्सर तेवढेच, सोल्डरही तेवढंच. मग वाचलं काय?

आता आवाज खुलण्याबद्दल. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असतो तेव्हा मधला पाय आणि पिकअपचा पाय विजेच्या दृष्टीने एकच बिंदू होतात. टोनची तार यातल्या कुठल्याही पायाला लावा, सर्किट तेच राहतं. त्या मुलाला विचारलं, व्हॉल्यूम किती ठेवतोस? "फुल. कमी-जास्त पेडलान करतंय." अशा वाजवणाऱ्याला या बदलातून काहीही मिळणार नाही, आणि हे त्याला आधी सांगायला हवं होतं.

मेसेजमध्ये खरं आहे ते इथून पुढे, आणि नेमकं तेच त्यात लिहिलेलं नाही. व्हॉल्यूम उतरवला की आवाजाची धार जाते, हे प्रत्येकाने अनुभवलंय. कारण गिटारपासून अॅम्पपर्यंतची केबल. केबल म्हणजे लांबलचक कंडेन्सरच, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड (कंडेन्सरच्या क्षमतेचं माप). सहा मीटरची केबल घेतली तर ६०० झाले. ५०० किलो-ओहमच्या पॉटचा मधला पाय रोधाच्या बरोबर मध्यावर आला की सिग्नलला वाटेत १२५ किलो-ओहम लागतात (अडीचशेचे दोन भाग समांतर). हा रोध आणि ती केबल मिळून साधारण २,१०० हर्ट्झच्या वरचं कापायला लागतात. गिटारची सगळी चमक त्याच्या वरच असते. जुन्या वायरिंगमध्ये व्हॉल्यूम उतरवल्यावर टोनच्या पॉटचा भार थेट पिकअपवर पडत नाही, मध्ये व्हॉल्यूमचा रोध येतो. पिकअप मोकळा राहतो आणि धार बरीचशी टिकते. गाणाऱ्याच्या मागे व्हॉल्यूम उतरवून स्वच्छ वाजवायचं आणि सोलोला नॉब वर न्यायचा, अशी सवय असेल तर हा फरक सोन्यासारखा आहे.

पण त्याची किंमतही आहे. टोन शून्यावर असताना व्हॉल्यूम उतरवला तर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर थेट त्या १२५ किलो-ओहमपुढे येतो आणि कापणी ६० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. आवाज गाळात रुततो आणि पडतोही. आताच्या वायरिंगमध्ये टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांच्या वाटेत इतके येत नाहीत. त्यात धार टिकवायची असेल तर व्हॉल्यूमच्या पिकअपच्या आणि मधल्या पायामध्ये १ नॅनोफॅरडचा कंडेन्सर आणि त्याला समांतर १५० किलो-ओहमचा रोध लावतात, ट्रेबल ब्लीड म्हणतात त्याला. काही गिटारींवर त्याने खालचा आवाज पातळ होतो, मला स्वतःला तो फारसा आवडत नाही. आणि वायरलेस ट्रान्समीटर थेट गिटारला लावत असाल तर लांब केबलच मध्ये नाही, म्हणजे हा प्रश्न मुळातच हलका झाला.

'त्या काळी सगळे असंच जोडायचे' हेही खोटं. १९५४ सालच्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये टोन व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे आज ज्याला आधुनिक म्हणतात त्याच बाजूला होता. फेंडरच्याच टेलिकास्टरच्या स्विचवर १९५२ पासून १९६७ पर्यंत दोन्ही पिकअप एकत्र वाजवायची सोयच नव्हती! ते जुनं वायरिंग आज किती जणांना हवंय?

कंडेन्सरबद्दल: गिटारच्या टोनमध्ये काम करतं ते मूल्य, आवरण नव्हे. मूल्य सारखं असेल तर दहा रुपयांचा प्लॅस्टिक फिल्मचा कंडेन्सर तेच काम करतो. उलट जुना कागद ओल धरतो आणि गळायला लागतो. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत, जिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे कागदी कंडेन्सर कशाला आणायचा? कापडी वायर हाताळायला छान, मीही वापरतो. आत तांबंच असतं.

घूं घूं टोनच्या तारेने जात नाही. ती येते पिकअपने पकडलेल्या ५० हर्ट्झच्या विजेतून, शिल्डिंग (धातूचं आवरण) नसलेल्या गिटारच्या पोकळीतून. जांभ्याच्या कातळावर मांडव असेल तर अर्थिंगही आधी तपासा. गिटारच्या तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा. तो जिवाशी खेळ आहे.

त्या मुलाच्या गिटारचं मागचं झाकण उघडलं. जॅकच्या पत्तीवर हिरवट थर आला होता, स्विचचे संपर्क काळे पडलेले, एक पॉट खरखरत होता. खाऱ्या वाऱ्याने केलेली कामं ही. क्लीनर मारून, घासून पुसल्यावरच आवाज इतका उघडला की तो हसायला लागला. मग गळ्याकडच्या पिकअपची टोनची तार सोडवली आणि क्लिप लावून दोन्ही पायांवर आळीपाळीने ऐकवली. व्हॉल्यूम दहावर असताना त्याला फरक सांगता आला नाही. पाचवर आणला, तेव्हा त्याने मान वर केली. त्या एका पिकअपला जुनं वायरिंग करून दिलं, त्याच्याच जुन्या कंडेन्सरवर. ब्रिजकडचं आहे तसंच ठेवलं.