भानुमतीबाईंवर सिनेमा कोण काढणार?

तेलुगू नटी सावित्रीच्या आयुष्यावरचा 'महानटी' आल्यापासून आपल्याकडेही तिचे चाहते वाढलेत. चांगलंच आहे. कीर्ती सुरेशला राष्ट्रीय पुरस्कार काही उगाच मिळाला नाही. पण तो सिनेमा बघून डोळे पुसणाऱ्यांना तेलुगू-तमिळ सिनेमातल्या भानुमती माहीत आहेत का विचारलं, की बहुतेक जण गप्प होतात.

माझं सरळ मत आहे. नटीचा संसार विस्कटला, पैसा गेला, शेवट हालात झाला, की तिच्यावर सिनेमा निघतो. आपल्या हंसा वाडकरांच्या आयुष्यावरून 'भूमिका' निघालाच. भानुमती रामकृष्ण मात्र ऐंशी वर्षं ताठ मानेनं जगल्या आणि 24 डिसेंबर 2005 ला चेन्नईत गेल्या. मधल्या काळात नटी, गायिका, निर्माती, दिग्दर्शिका, लेखिका, सगळं करून झालं होतं. रडायला जागाच ठेवली नाही बाईंनी, मग तिकीट कोण काढणार?

जन्म 1925 चा, ओंगोलजवळच्या दोड्डवरम गावचा. वडिलांना गाण्याचं भारी वेड, पोरीला गाणं त्यांनीच शिकवलं. 1939 साली सी. पुल्लय्यांच्या 'वरविक्रयम्'मध्ये त्या पहिल्यांदा पडद्यावर आल्या. विषय हुंड्याचा आणि भूमिका जीव देणाऱ्या मुलीची. वडिलांची अट अशी की कुठल्याही नटानं पोरीला हात लावायचा नाही! पुढे 'कृष्णप्रेम'च्या सेटवर सहायक दिग्दर्शक रामकृष्ण आवडले, तेव्हा मात्र याच वडिलांचा विरोध मोडून 1943 मध्ये त्यांच्याशी लग्न केलं. आता संसारच करायचा, असं ठरवून बसल्या होत्या. दिग्दर्शक बी. एन. रेड्डी 'स्वर्गसीमा' घेऊन दारात आले म्हणून बरं.

आता 'मिस्सम्मा'चा किस्सा. तेलुगू माणसाला हा पाठ असतो. विजया प्रॉडक्शनचा सिनेमा, दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद (हे तेच, मुंबईत 'आलम आरा'त किरकोळ काम केलेले). मेरीच्या भूमिकेत भानुमती, आणि काही रिळं चित्रितही झालेली. एक दिवस बाई सेटवर उशिरा आल्या. वरलक्ष्मीचं व्रत होतं. श्रावणातला शुक्रवार म्हणजे आपल्याकडेही जिवतीची पूजा, पुरण, सवाष्ण. सकाळी घर सोडता येतं का, कुठल्याही बाईला विचारा. निर्माते चक्रपाणी भडकले आणि म्हणाले, माफी लेखी द्या. बाईंनी नकार दिला. सांगतात, की चक्रपाणींनी त्यांच्यासमोरच ती रिळं जाळली.

भूमिका सावित्रीकडे गेली. 1955 मध्ये सिनेमा लागला आणि सावित्री कुठच्या कुठे पोचली. हिंदीत 'मिस मेरी' केला तेव्हा तीच भूमिका मीनाकुमारीला मिळाली. म्हणजे बघा, भानुमतीबाईंनी एका कागदावर सही केली नाही म्हणून जी मेरी सुटली, ती दोन्ही भाषांत अशा नट्यांकडे गेली ज्यांची शोकांतिका आज आपण हळहळत सांगतो. दोघीही पन्नाशीच्या आत गेल्या. योगायोग आहे, मान्य. पण मला तो सोडवत नाही.

हा किस्सा सांगणारे 'फार गर्विष्ठ होत्या' म्हणून थांबतात. होत्याच! पण तो गर्व परवडत का होता, हे कुणी सांगत नाही. मद्रासमध्ये नवरा-बायकोचा स्वतःचा भरणी स्टुडिओ होता, मुलाच्या नावाचा. 'लैला मजनू', 'विप्रनारायण' हे घरचे सिनेमे, नवरा दिग्दर्शक. 1953 साली तर 'चंडीराणी' तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत बाईंनी स्वतः दिग्दर्शित केला, वर त्यात डबल रोल. आपल्या शांता आपटे 1939 मध्ये प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या होत्या. भानुमतींच्या मागे स्वतःचं फाटक होतं. नाही म्हणताना एवढा एक फरक फार मोठा असतो.

बरं, हे सगळं सोडा आणि 1951 चा 'मल्लीश्वरी' बघा. एन. टी. रामाराव आणि भानुमती, काळ कृष्णदेवरायाचा. मामाची मुलगी मल्ली आणि आत्याचा मुलगा नागराजू पावसात अडकून एका धर्मशाळेत थांबतात. तिथेच वेषांतर केलेला राजा असतो. मल्ली गाते, नाचते. त्या परक्या पाहुण्याला नागराजू गमतीत म्हणतो, हिला न्यायला पालखी पाठवा की! पुढे खरंच पालखी येते, आणि ती राणीवशात गेली की परत फिरायची सोय नाही. गाणी देवुलपल्ली कृष्णशास्त्रींची, संगीत राजेश्वर रावांचं, आवाज बाईंचा स्वतःचा. 'मनसुना मल्लेल' सुरू होतं तेव्हा एरवी सगळ्यांना दम देणारी ही बाई इतकी हळू होते की मी आवाज वाढवून ऐकलं होतं. शब्द निम्मे कळले नाहीत, काही बिघडलं नाही.

त्या 'अत्तगारी कथलु' नावानं सासूच्या विनोदी गोष्टीही लिहायच्या. सोवळ्या-ओवळ्यातली, लोणच्यावरून घर डोक्यावर घेणारी सासू आपल्या आजीच्याच पिढीतली वाटते. मराठीत या गोष्टी कुणी नीट आणल्या तर मी पहिली प्रत विकत घेईन. उतारवयातल्या कडक आजीच्या भूमिका मात्र मला एकसुरी वाटतात. 'मंगम्मागारी मनवडु' धो धो चालला तरी.

आणि तमिळ सिनेमाचे नायक एमजीआर? 'नाडोडी मन्नन'चं दिग्दर्शन ते स्वतः करत होते. भानुमतींशी त्यांचं बिनसलं आणि नायिकेला मध्येच मारून टाकून सिनेमा पुढे सरोजादेवींवर नेला. पुढे हेच एमजीआर तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत मद्रासच्या सरकारी संगीत महाविद्यालयाच्या प्राचार्य म्हणून नेमणूक झाली ती भानुमती रामकृष्ण यांची.