उष्णतेचं शास्त्र १८२२ सालीच संपलं म्हणे!

परवा रात्री अकराला बडोद्याच्या दांडिया बाजारातून ताईचा फोन. "अरे, हिचे इंजिनिअरिंग अॅडमिशनचे चॉइस भरायची उद्या शेवटची तारीख, आणि तू मेकॅनिकल मेकॅनिकल करून पोरीच्या डोक्यात भरवून दिलंयस. हे वाच आधी." पाठोपाठ मेसेज आला. वर कैक वेळा फॉरवर्ड झाल्याचा दुहेरी बाण, खाली 'एका अनुभवी प्राध्यापकाची कळकळ'. प्राध्यापकाला नाव नाही. मुद्दे चार: हीट ट्रान्सफरसारखे विषय १८२२ सालीच पूर्ण झाले, त्यात आता संशोधन कसलं, डिझाइन तर सॉफ्टवेअरच एका क्लिकवर करतं, नोकऱ्या नाहीत, असल्या तर पगार नाही, तेव्हा शहाण्याने एआयचीच वाट धरावी.

इथल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, २२ वर्षं हीट एक्स्चेंजर (एकाची उष्णता दुसऱ्याला देणारी यंत्रं) बनवून पोट भरतोय, म्हणून झोप उडाली. नाहीतर असले मेसेज मी उघडतसुद्धा नाही.

फ्रेंच गणिती फूरिए यांचा उष्णतावहनावरचा ग्रंथ १८२२ साली आला, एवढं खरं. पण समीकरण मिळालं म्हणजे उत्तर मिळालं असं नसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या लँडरने दहा सेन्सर लावलेली सळई चंद्राच्या मातीत खुपसली. वरच्या थराचं तापमान वीस-तीस अंश असेल अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा होती, निघालं सत्तरच्या आसपास. आणि आठ सेंटिमीटर खाली उणे दहा! चार बोटांत एवढा उतार. समीकरण फूरिए यांचंच, पण ती माती उष्णता किती रडतखडत पुढे सोडते हे तिथे जाऊन मोजल्याशिवाय कळायचं नाही. या उपकरणाच्या कामात अहमदाबादची पीआरएल ही संशोधन संस्था होती. बडोद्याहून दोन तासांवर.

आता ते 'एका क्लिकवर'. यावर मात्र मला राग येतो, कारण या क्लिकचं बिल आम्ही भरलंय. गेल्या वर्षी एका नव्या मुलाने थंड करणाऱ्या एक्स्चेंजरचं डिझाइन करून आणलं. रंगीत प्रिंट, सगळे आकडे हिरवे. एक्स्चेंजर इतका छोटा निघालेला की परचेसवाले खूश. मी फाउलिंगचा, म्हणजे नळ्यांवर बसणाऱ्या थराचा, रकाना पाहिला. शून्य! पठ्ठ्याने नळ्या जन्मभर कोऱ्या करकरीत राहणार असं धरलेलं. हिशेब साधा आहे. नळ्या स्वच्छ असताना दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला १००० वॉट जात असतील, तर उष्णतेला अवरोध झाला त्याच्या उलट, एक भागिले हजार, ०.००१. त्यात कूलिंगच्या पाण्याच्या क्षाराचे, समजा, ०.०००३५ मिळवा. १००० चे झाले ७४० आणि क्षेत्रफळ लागलं ३५ टक्के जास्त. चूक लक्षात येईपर्यंत नळ्यांची ऑर्डर गेली होती. सॉफ्टवेअर एका शब्दाने बोललं नाही. ते का बोलेल? शून्य त्याला आम्हीच दिलं होतं.

बरं, ही सॉफ्टवेअरं आभाळातून पडली का? प्रवाह आणि उष्णता एकत्र सोडवणाऱ्या कितीतरी प्रोग्रॅमच्या पोटात आजही 'सिम्पल' नावाची रीत किंवा तिचीच भावंडं चालतात. ती १९७२ साली मांडली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या स्पॉल्डिंग यांनी आणि सुहास पाटणकरांनी. पाटणकर पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातले मेकॅनिकलचे विद्यार्थी. ताई, हे तुझ्या ग्रुपवर टाक.

पगाराचं... कबूल. सुरुवातीला कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा कमी मिळतो, आणि माझा पहिला पगार तर भाचीसमोर सांगण्यासारखा नाही. शिकवण्याबद्दलही मेसेजवाल्याला बोट ठेवता आलं असतं, पण त्याने नेमकं तेच सोडलं. आमच्या लॅबमध्ये कंपोझिट वॉलचा, म्हणजे वेगवेगळ्या थरांच्या भिंतीतून उष्णता कशी जाते ते मोजायचा, सेट होता. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करायचं बटण) लावला की तापमान स्थिर व्हायला दोन तास, आणि प्रॅक्टिकलही दोनच तासांचं. मग रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून. चार वर्षांत नाहीच, थर्मोकपल (तापमान मोजायची तार) खऱ्या अर्थाने वाचला तो नोकरी लागल्यावर. पण नोकऱ्याच नाहीत म्हणणाऱ्याने कोयलीची रिफायनरी लांबून तरी बघावी. गरम किंवा थंड करावं लागत नाही असं तिथे फारसं काही नाही. उष्णता काढावी लागणारे ट्रान्सफॉर्मरवाले आहेत, आता बॅटरीवाले आलेत.

राहिला एआय. त्यासाठी वापरली जाणारी एच-१०० चिप ८१४ चौरस मिलिमीटरची, म्हणजे साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढी. ती आणि शेजारची मेमरी मिळून होणारं मॉड्यूल वीज खातं ७०० वॉटपर्यंत. चौरस सेंटिमीटरला ८६ वॉट. घरची हजार वॉटची इस्त्री तळाच्या तेवढ्याच जागेला जेमतेम पाच देते. शेजारच्या मेमरीची उष्णता वजा केली तरी इस्त्रीच्या दहापट कुठे गेली नाही. ही उष्णता काढायला तिथे कोण बसलंय असं वाटतं तुम्हाला?

हे सगळं रात्रीच ताईला पाठवलं. उत्तर भाचीचं आलं, साडेबाराला. "मामा, आमच्या गीझरच्या कॉइलवर पण क्षाराचा पांढरा थर आहे. म्हणजे पाणी उशिरा तापतं ना?"

मी लिहिलं, नाही. कॉइल दोन हजार वॉटची असेल तर थर असो वा नसो, दोन हजार देणारच. मग त्या थराने बिघडतं काय, ते तू सांग.

पाच मिनिटं नुसतं 'टायपिंग' दिसत होतं. मग आलं: "कॉइल स्वतःच जास्त तापत जाणार... म्हणून जळते का ती?"