उंदीर, बेडकुळी आणि ‘मांसल’

आमच्या सोलापूरच्या साखर पेठेतल्या ग्रुपवर तोच संदेश परवा तिसऱ्यांदा आला. ‘मस्क्युलोस्केलेटल (स्नायू-हाडांसंबंधीचा) हा शब्द आपलाच! मसल म्हणजे मांसल, स्केलेटन म्हणजे कंकाल, ऑस्टिओ म्हणजे अस्थी. इंग्रजांनी संस्कृतातून उचलले. आता तरी शुद्ध ‘स्नायू’ म्हणा.’ पाठवणारे काका वडिलांच्या वयाचे, म्हणून तिथं गप्प बसलो.

आधी मसल. तो लॅटिन ‘मुस्कुलुस’वरून आला. ‘मुस’ म्हणजे उंदीर, पुढचा प्रत्यय लहानपणाचा. थोडक्यात, पिटुकला उंदीर. हसू येत असेल तर यंत्रमागावरच्या एखाद्या पोराला मूठ आवळून दंड दाखवायला सांगा. कातडीखाली गोळा सरकतो, त्याला आपण काय म्हणतो? बेडकुळी! रोमनांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. ग्रीकांनाही उंदीरच दिसला: त्यांचा ‘म्यूस’ म्हणजे उंदीर आणि स्नायूही. मायोकार्डियम, म्हणजे हृदयाचा स्नायू, त्यातला ‘मायो’ तिथलाच. बरं, मुस्कुलुस पहिल्या शतकातल्या केल्सस या रोमन लेखकाच्या वैद्यकग्रंथात आहे. तेव्हा इंग्रजी भाषाच जन्मली नव्हती, उचलणार कोण? संस्कृतशी नातं आहे, पण ते ‘मूषक’शी, ‘मांस’शी नव्हे. तेही चुलत.

स्केलेटनचं फार लांबवायला नको. ग्रीक ‘स्केलेतोस’ म्हणजे वाळलेला, आपल्या कडक भाकरीसारखा. ‘कंकाल’शी त्याचं क आणि ल एवढंच जुळतं.

अस्थीच्या बाबतीत काका निम्मे बरोबर. अस्थी, ग्रीक ‘ऑस्टिऑन’, लॅटिन ‘ऑस’ एकाच मुळातले. आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या, हिटाइट नावाच्या प्राचीन लोकांच्या मातीच्या पाट्यांवरही हाडाला ‘हस्ताइ’ आहे. एका आजीची नातवंडं ही. कुणी कुणाच्या घरून चोरलेलं नाही.

राहिला ‘शुद्ध’ स्नायू. सुश्रुतसंहितेत स्नायू ९०० आणि पेशी ५००, अशी वेगवेगळी मोजणी आहे. तिथं स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट बंध. मसलला तिथला शब्द पेशी (आजच्या ‘सेल’ अर्थाची पेशी नव्हे). आपण मराठीत अर्थ सरकवला, हिंदीनं तर आणखी पुढं नेऊन स्नायु म्हणजे नस केलं. अक्कलकोट रोडच्या एखाद्या कारखान्यात बिहारहून आलेल्या कामगाराला ‘स्नायू दुखतोय का’ विचारलं, तर तो दंड दाखवेल याची खात्री काका देतील का?