एक शार्प दिसला की जी मेजरच? नाही हो

नाशिकच्या कीबोर्ड शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की पाश्चात्त्य नोटेशनच्या ओळीच्या सुरुवातीला एक शार्प (सूर अर्ध्या स्वराने चढवायची खूण, #) दिसला म्हणजे गाणं जी मेजर स्केलमध्येच. अर्धंच खरंय ते. तो एकटा शार्प एफ चा असतो, आणि तोच एफ शार्प ई मायनर स्केललाही असतो, म्हणून शेवटचा सूर आणि बेस (सगळ्यात खालचा सूर) बघा, ई वर येऊन थांबतंय का, आणि मधेमधे डी ला शार्प लागलाय का, लागला असेल तर बहुतेक ई मायनर, कारण हार्मोनिक मायनरचा (मायनरच्या एका प्रकाराचा) चढवलेला सातवा सूर, इथे डी शार्प, 'की सिग्नेचर'मध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या त्या खुणांमध्ये, नसतो, येईल तिथेच लिहितात.

आणि त्यातच "सा म्हणजे सी" असंही ठोकून दिलंय! पेटीवाले हसतील राव, सा कुठल्याही पट्टीवर धरतात ते. पांढरी पाचला (सी पासून पाचवी पांढरी पट्टी) सा धरला तर सा म्हणजे जी, आणि शुद्ध नी काळी तीनवर, म्हणजे तोच एफ शार्प.